लिहिण्याची जागा आणि जुन्या वस्तूंची संगत

(अकादमीच्या लेखक-शिक्षक शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘लेखकाची खोली आणि तिची सजावट’ असा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा एका सहकाऱ्यांनी हसून विचारलं, “मॅडम, साहित्याचं शिबिर आहे की घर सजवण्याचं?” प्रश्न रास्त होता. टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवावं की भिंतीकडे, भिंतीवर चित्र कुणाचं लावावं, फडताळात जुना टाइपरायटर ठेवावा की पितळी समई, अशा गोष्टींवर तासभर बोलायचं काय? पण नव्याने लिहू लागलेली मुलं मला नेमके हेच प्रश्न विचारतात. त्यांना लिहिण्यासाठी एक कोपरा हवा असतो आणि त्या कोपऱ्यात काहीतरी जुनं, काहीतरी सुंदर हवं असतं. ही इच्छा मला थिल्लर वाटत नाही. उलट, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा प्रश्न भाषेच्या प्रश्नाला फार जवळचा आहे, असं माझं म्हणणं आहे. ते आज तुमच्यापुढे मांडते.

मराठी साहित्यातली खूप जुनी, आजही दाखवता येते अशी एक लिहिण्याची जागा कोणती? नेवाशाचा खांब. ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, असं परंपरा मानते. काळ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. त्या दगडी खांबाला लोक ‘पैस’ म्हणतात. त्याच्याभोवती आज मंदिर आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिलं, आणि १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला मिळाला. दासबोधाच्या लेखनाची जागा म्हणून परंपरा शिवथरघळीकडे बोट दाखवते. म्हणजे एक खांब आणि एक घळ. या दोन्ही ठिकाणी सजावट म्हणावी असं काही नाही.

पण त्या खांबाकडे जरा नीट पाहू या. तो आधी कामाचा होता. पाठ टेकायला होता. मग तो आठवणीचा झाला आणि पुढे पूजेचा. एखाद्या वस्तूला मोल येतं ते साधारण याच क्रमाने. आज आपण खोली सजवतो तेव्हा हा क्रम उलटा होतो. वस्तू थेट शोभेची म्हणून घरात येते. तिचं काम काय होतं ते ठाऊक नसतं आणि तिची आठवण दुसऱ्याच कुणाची तरी असते. माझा सगळा मुद्दा या उलट्या क्रमाबद्दल आहे.

हल्ली ‘व्हिंटेज’ हा शब्द मराठीत रुळला आहे. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. ‘जुनापुराणा’ म्हटलं की नाक मुरडणारी माणसं ‘व्हिंटेज’ म्हटलं की पाकीट काढतात, एवढाच फरक. प्रश्न असा, की ही वस्तू दुकानात येते कुठून? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, हैदराबादचा जुमेरात बाजार ही ठिकाणं आपल्याला माहीत आहेत. पण त्या बाजारात पोचण्याआधी ती वस्तू कुणाच्या तरी घरातून निघालेली असते. इंदूरच्या रामबागेतून, ग्वाल्हेरच्या लष्करातून, वडोद्याच्या दांडिया बाजारातून निघालेली असते. 

अठराव्या शतकात होळकर, शिंदे, गायकवाड यांच्याबरोबर मराठी माणसं या भागात आली. शिपाई आले, कारकून आले, भटजी, वैद्य, सुतार, कासार आले. त्यांनी घरं बांधली आणि त्या घरांतून मराठी बोलली गेली. आता ती घरं एकेक करून पडताहेत. आमच्याच गल्लीतला एक वाडा गेल्या उन्हाळ्यात रिकामा झाला. वारसदार तीन शहरांत आणि दोन देशांत विखुरलेले. कुणाला दोष देण्यात अर्थ नव्हता. मजले उतरवायच्या आधी सामान बाहेर काढलं आणि इंदुरात ज्याला आपण सगळे ‘अटाला’ म्हणतो त्या भावाने, वजनावर, ते टेंपोत भरलं गेलं. त्यात घंगाळ होतं, पाण्याचा बंब होता, दोन फिरकीचे तांबे होते, देवघराची लाकडी कमान होती, तसबिरी होत्या. पावसाळा संपता संपता शहरातल्या एका नव्या उपाहारगृहात मी गेले, तेव्हा तसंच एक घंगाळ दाराशी ठेवलेलं दिसलं. लखलखीत घासलेलं, पाणी भरलेलं, वर झेंडूच्या पाकळ्या. वाढणाऱ्या मुलाला मी विचारलं, “याला काय म्हणतात रे?” तो म्हणाला, “मॅम, व्हिंटेज बाउल.” मुलगा मराठी होता. आडनावावरून कळलं.

भांडं वाचलं, याचा मला आनंदच झाला. वितळवणाऱ्याच्या भट्टीपेक्षा उपाहारगृहाचं दार बरं. पण ‘घंगाळ’ हा शब्द मात्र टेंपोत बसला नव्हता. तो वाड्यातच राहिला आणि वाड्याबरोबर पडला.

आपल्याकडे हे अधिक जाणवतं, त्याचं कारण उघड आहे. पुण्या-साताऱ्याकडे मराठी रस्त्यावर आहे, बसच्या पाटीवर आहे, कचेरीत आहे. आपल्याकडे रस्ता हिंदीचा, गुजरातीचा, कन्नडचा किंवा तेलुगूचा. गोव्यात शेजार कोकणीचा. मराठी उरली ती मुख्यतः घरात. घरातही स्वयंपाकघर, देवघर आणि माजघर या तीन जागी. म्हणजे आपला शब्दसंग्रह कोशात आहे त्याहून अधिक फडताळात आहे. वस्तू गेली की तिच्या जागी परिसरातल्या भाषेचा शब्द येतो. माझ्या वर्गातल्या मराठी मुलांना ‘सरौता’ ठाऊक असतो, ‘अडकित्ता’ नसतो. ‘सिलबट्टा’ ठाऊक असतो, ‘पाटा-वरवंटा’ आजीबरोबर गेलेला असतो. दुसरी भाषा येणं वाईट नाही. आपण सगळे दोन-दोन, तीन-तीन भाषांत वाढलो आणि त्याने समृद्धच झालो. पण लेखकाला दोन्ही शब्द हवेत. एकाच शब्दावर भागवणं लेखकाला परवडत नाही.

आणि शब्द एकटा जात नाही. तो आपली सगळी पोरंबाळं घेऊन जातो. ‘पितळ उघडं पडलं’ असं आपण सर्रास म्हणतो. पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा, तीच कल्हई. कल्हईवाला दारात भट्टी मांडायचा, भाता मारायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा, आणि पिवळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. वापरून कल्हई उडाली की खालचं पितळ दिसू लागायचं. ज्याने हे पाहिलं त्याला त्या वाक्प्रचारात फजिती दिसते. आज सजावटीसाठी आणलेलं प्रत्येक पितळी भांडं आतून-बाहेरून पिवळंधमक असतं. पितळ उघडं असणं हीच त्याची शोभा! मग मुलाला तो वाक्प्रचार पाठ करावा लागतो, तो समजत नाही. 

‘चंबूगबाळं आवरा’ म्हणताना चंबू कुणाच्या डोळ्यांसमोर येतो? ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रोज वर्तमानपत्रात येतो. पत्राच्या शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून उमटवायची ती छोटी मुद्रा म्हणजे मोर्तब, हे पदवीच्या वर्गात सांगावं लागतं. ‘रुमाल’ म्हणजे खिशातलं फडकं एवढंच मुलांना माहीत असतं. मोडी कागदपत्रांचा कापडात बांधलेला गठ्ठा, तोही रुमालच, हे दफ्तरखान्यात गेलेल्यालाच ठाऊक.

म्हणून जेव्हा कुणी मला विचारतं, की लिहिण्याच्या खोलीत काय ठेवू, तेव्हा मी म्हणते, काहीही ठेव, पण तीन गोष्टी कळल्याशिवाय ठेवू नकोस. त्या वस्तूचं नाव काय, तिचं काम काय, आणि ती तुझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आली. नाव, काम आणि वाट.

माझ्या खोलीतलंच उदाहरण देते. मी लिहिते ते एका बैठ्या, उतरत्या मेजावर. आजोबा होळकर संस्थानात कारकून होते, त्यांचं ते. मांडी घालून बसायचं, वरची फळी उचलली की आत कप्पा, कडेला दौतीसाठी खळगा. त्या खळग्याभोवती शाईचा काळा डाग आहे, तो मी कधी घासला नाही. काजळाची शाई सहजी उडत नाही, म्हणून तर मोडी कागद आजही वाचता येतात. या मेजावर बसलं की पाठ वीस मिनिटांत कुरकुरते. त्यामुळे मी वीस मिनिटांनी उठते, फेरी मारते, पुन्हा बसते. माझी वाक्यं छोटी झाली त्याचं निम्मं श्रेय त्या मेजाला आहे. वस्तू वापरात असली की ती अशी तुमच्या लेखनात हात घालते. शोभेची वस्तू मुकाट बसते.

मेजाशेजारी एक पितळी डबा आहे. त्यात मी पेन्सिली ठेवते. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं आहे, गावाचं नाव आहे आणि तिथी. लग्नात आलेल्या भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हा मजकूर फार वाचनीय वाटतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, ‘सप्रेम भेट’ आहे की ‘आहेर’ आहे, बाईचं नाव माहेरचं घातलं की सासरचं, या सगळ्या गोष्टी त्या दोन ओळींत असतात. कितीतरी बायकांची नावं सातबाऱ्यावर आली नाहीत, घराच्या पाटीवर आली नाहीत, ती भांड्यावर आली. भांडं विकताना लोक नाव घासून काढतात, म्हणजे भाव बरा येतो. तुम्ही घेणार असाल तर नावासकट घ्या. आणि ते नाव वाचा.

आता चित्रांविषयी. लेखकाच्या भिंतीवर काय असावं? आपल्या भागाला चित्रकलेचा मोठा वारसा आहे आणि तो आपण पुरेसा वापरत नाही. सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं वडोद्यासाठी करून घेतली. त्याच वडोद्यात १८९० साली कलाभवन निघालं आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून ती चित्रं छापली जात, आणि राजवाड्यातल्या देवता चाळीतल्या भिंतीवर आल्या. घरोघरच्या बायकांनी त्या छापील लक्ष्मी-सरस्वतीला जरीचं कापड चिकटवलं, टिकल्या लावल्या. अशी सजवलेली तसबीर तुम्हाला मिळाली, तर लक्षात घ्या, की तिच्यावर दोन कलावंतांची सही आहे. त्यातली एक सही अदृश्य आहे. 

इंदुरात देवळालीकर गुरुजींनी १९२७ साली चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. बेंद्रे पुढे १९५० मध्ये वडोद्याच्या नव्या ललितकला शाखेत शिकवायला गेले आणि त्यांच्या हाताखाली एक पिढी घडली. इंदूर-वडोदा हा रस्ता असा आपल्याच माणसांनी घातलेला आहे. मूळ चित्र विकत घेणं आपल्यापैकी बहुतेकांना जमणार नाही. पण आपल्या गावच्या कलामहाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्याचं एखादं मुद्राचित्र परवडण्याजोगं मिळतं. ते घ्या. जिवंत चित्रकाराचं चित्र भिंतीवर असलं की त्याच्याशी भांडता येतं, त्याला घरी बोलावता येतं. निव्वळ जुन्याच वस्तूंनी भरलेल्या खोलीत लेखकाला आपणही जुने झाल्यासारखं वाटू लागतं. एक तरी गोष्ट आजची हवी.

चिंचाळकर गुरुजींचा उल्लेख मी मुद्दाम केला. वस्तूकडे कसं पाहावं याचा धडा आपल्या भागाला त्यांनी दिला. सुकलेली फांदी, वाळलेलं पान, फुटक्या खापराचा तुकडा, टाकून दिलेलं काहीबाही यांतून ते चेहरे आणि आकार उभे करत. वस्तूवर जबरदस्ती करायची नाही, ती जे सांगते आहे ते ओळखायचं, ही त्यांची रीत. दुकानदाराच्या दृष्टीने त्या वस्तूंना कवडीचीही किंमत नव्हती. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला वाटतं, की आपल्याकडे वाडा नव्हता, पितळ नव्हतं, तसबिरी नव्हत्या, मग आपली खोली कशी सजणार, त्याने चिंचाळकरांकडे पाहावं. नदीकाठचा एक दगडही पुरतो. त्याच्याकडे रोज पाहावं मात्र लागतं.

संग्राहकांतही आपल्याकडे एक कवी होऊन गेले. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते उभं करणारे दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. त्यांनी काय जमवलं? दिवे, अडकित्ते, कुलपं, कलमदानं, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी. राजेरजवाड्यांच्या तलवारींहून मला तिथले अडकित्ते अधिक बोलके वाटतात. सुपारी कातरायच्या साध्या हत्याराला घोड्याचा, पोपटाचा, माणसांच्या जोडीचा आकार देणारा तो कारागीर कोण होता, हे आपल्याला कळणार नाही. पण कवीच्या नजरेने ते हत्यार उचललं म्हणून ते उरलं.

आता मी अवघड जागी येते. जुनं ते सोनं, असं आपण म्हणतो. सगळ्यांसाठी ते सोनं नसतं.

वर्गात मी दरवर्षी एक अभ्यास देते. घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल एक पान लिहायचं. एका वर्षी एक मुलगा काहीच न आणता आला. म्हणाला, “मॅडम, वस्तू आमच्या घरात नाही. आजी ज्या वाड्यात कामाला जायची, तिथे आहे.” मग त्याने सांगितलं. त्या वाड्याच्या मागच्या पडवीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप आणि त्याची बशी उपडी ठेवलेली असे. तो आजीचा कप. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर आजी तो स्वतः विसळून परत कोनाड्यात उपडा घाली. वाड्यातल्या कुणाचाही हात त्याला लागत नसे. “कप चांगला होता मॅडम,” तो म्हणाला, “निळी फुलं होती त्याच्यावर.”

वर्ग गप्प झाला. मीही काही बोलले नाही. तो अभ्यास त्या वर्षीचा सर्वांत चांगला लेख झाला. मला तेव्हापासून वाटतं, की तो निळ्या फुलांचा कप एखाद्या दुकानात सहज मिळेल. कुणीतरी त्यात पेनं उभी करील आणि छायाचित्र काढील. कपाची वाट ठाऊक नसली तर तो केवळ गोड दिसेल. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून मराठी आत्मकथनांनी आपल्याला हेच तर शिकवलं, की एकाच वस्तूच्या दोन आठवणी असतात. ज्याने चहा ओतला त्याची आणि ज्याने तो प्यायला त्याची. तेव्हा वस्तूची वाट विचारा असं मी म्हणते, त्यात ही वाटही आली. लेखकाच्या खोलीत अशीही एखादी वस्तू असावी जी त्याला सुखाने बसू देत नाही.

आणि मग जातं. जात्याची एक तळी बागेत पायरी म्हणून, दुसरी टेबलाचा माथा म्हणून वापरलेली मी पाहिली आहे. पण ते काय होतं? पहाटेच्या अंधारात, घर झोपेत असताना, बाई जात्याशी बसायची. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालायची, आणि तोंडाने ओवी. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आपल्या कुठल्या साहित्यप्रकाराचा एवढा मोठा संग्रह आहे? लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंची कविता अशाच कामात, घरोट्याच्या आणि शेताच्या सोबतीने झाली. या बायकांना स्वतंत्र खोली नव्हती, खिडकी नव्हती, मेज नव्हतं. दगडाची दोन वर्तुळं आणि दिवसातली तेवढी एक वेळ, जेव्हा कुणी हाक मारत नसे. मराठीतलं सर्वांत मोठं लिहिण्याचं मेज कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी जात्याकडे बोट दाखवीन. ते घरी असेल तर त्याचं टेबल करू नका. महिन्यातून एकदा मूठभर ज्वारी घाला आणि फिरवून बघा. हाताला ताल कळला की ओवी वाचताना कानालाही तो कळतो.

दोन शब्द व्यवहाराचे. १९७२ चा पुरावस्तू कायदा आपल्या देशात लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, साहित्यिक किंवा शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी असलेल्या मुलांना आजीची आठवण म्हणून जुनी पोथी देण्याआधी हे लक्षात असू द्या. देवळातली वस्तू कुणी विकत असेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. मोडी कागदांचा रुमाल सापडला तर त्यातली सुंदर पानं चौकटीत लावून बाकीची टाकू नका. तो अख्खा गठ्ठा मोडी वाचणाऱ्याला दाखवा. कुणाच्या तरी जमिनीचा, कर्जाचा, दत्तकपत्राचा इतिहास त्यात असतो.

जपणुकीचं म्हणाल तर ऊन हा कागदाचा पहिला शत्रू. तसबीर उन्हाच्या भिंतीवर लावू नये. विसाव्या शतकातला स्वस्त छापील कागद लाकडाच्या लगद्याचा, तो उजेडाने पिवळा पडतो आणि तुटतो. त्यापेक्षा जुना हातकागद अधिक टिकतो. चित्रामागे साधा पुठ्ठा लावू नये, आम्लरहित कागद लावावा. पावसाळ्यात लाकडी मेज भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावं, वाळवी भिंतीतून येते. पितळ रोज चिंचेने घासायची हौस आवरावी. प्रत्येक घासण्याबरोबर कोरलेलं नाव थोडं पुसट होतं.

शेवटी अकादमीकडे आणि तुम्हा सर्वांकडे एक मागणी करते. आपण प्रत्येकाने घरातल्या पाच वस्तू निवडाव्यात. एकेका वस्तूसाठी एक कार्ड करावं. त्यावर तिचं नाव, आपल्या घरात तिला जे म्हणतात तेच लिहावं, मग ते पुण्याच्या प्रमाणभाषेत बसो वा न बसो. शेजारच्या भाषेतलं नावही लिहावं. तिच्या भागांची नावं, तिचं काम, तिच्यावरून आलेली म्हण किंवा वाक्प्रचार, ती कुणाकडून आली, कोण वापरत असे आणि कोणाला ती वापरायची मुभा नव्हती, हे सगळं लिहावं. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून लिहावं, कारण यातलं निम्मं त्यांनाच ठाऊक असतं. बेळगावचं कार्ड इंदूरच्या कार्डाशेजारी ठेवलं, गोव्याचं हैदराबादच्या शेजारी ठेवलं, की आपोआप एक कोश तयार होईल. अकादमीने या वार्षिकाची दहा पानं दरवर्षी त्यासाठी राखून ठेवावीत.

माझ्या महाविद्यालयात आम्ही सुरुवात केली आहे. आतापर्यंत एकशे चाळीस कार्डं झाली. त्यातलं एक त्या निळ्या फुलांच्या कपाचं आहे. ‘वस्तू सध्या कुठे आहे’ या रकान्यात त्या मुलाने लिहिलं आहे, ‘वाडा पडला. शोध चालू आहे.’

 कार्डाचे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना पाच-पाच घेऊन जा.